पांढरीची माती आणि दोन क्रेडिट

मी वाणिज्य शाखेचा माणूस. ताळेबंद, घसारा, नफा-तोटा पत्रक यांतच वीस-बावीस वर्षं गेली. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत आलं आणि त्याच्यासोबत ओपन इलेक्टिव्ह आलं. आपली शाखा सोडून बाहेरचा एक विषय प्रत्येकानं घ्यायचा. आमच्या यादीत दोन क्रेडिटचं ‘पुरातत्त्वशास्त्राची ओळख’ होतं; क्रेडिट म्हणजे तासांवरून ठरणारं विषयाचं वजन. इतिहासाचे सर निवृत्त झालेले, जागा रिकामी, आणि माझा वर्कलोड नेमका दोन तासांनी कमी भरत होता. पुढं काय झालं, हे कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

पहिल्या तासाला साठ मुलं. बी.कॉम.ची जास्त, थोडी बी.एस्सी.ची. विषय का घेतला, असं विचारलं. “सोपाय म्हणाले, सर.” “फॉर्म भरेपर्यंत बाकीचे फुल झाले होते.” “मैत्रिणीनं घेतला म्हणून.” एकानं मात्र खऱ्या उत्सुकतेनं विचारलं, “डायनासोर असतंय ना ओ यात?” नसतं म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. डायनासोर संपून साडेसहा कोटी वर्षं झाली आणि आपला विषय माणसानं मागं ठेवलेल्या वस्तूंचा आहे, हे सांगण्यात तो तास गेला.

असल्या विषयांबद्दल स्टाफरूममध्ये एकच सूर असतो. मुलं मार्कांसाठी येतात, त्यांना गोडी नाही, मग कशाला हा खटाटोप. काही जण तर म्हणतात की पुरातत्त्व शिकवायचं तर ज्यांना पुढं त्यात एम.ए. करायचं आहे त्यांनाच शिकवा, नीट शिकवा. मला हे अजिबात पटत नाही. सोपाय म्हणून आलेली ही साठ मुलंच या विषयाची खरी गिऱ्हाइकं आहेत, आणि सोलापूर जिल्ह्यात तर जास्तच.

जमिनीतून एखादी वस्तू वर येते त्या क्षणी तिथं पुरातत्त्वज्ञ नसतो. तिथं असतो पोकलेनचा ऑपरेटर, मुकादम, विहीर पाडणारा शेतकरी, घरकुलाचा पाया खोदणारा गवंडी, फार तर ग्रामसेवक. उजनीहून शहराला पाणी आणण्यासाठी सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली. भीमा-सीनेच्या खोऱ्यातून एवढ्या लांबीचा चर खणायला मिळाला तर कुठलाही उत्खनक आनंदानं वेडा होईल. त्या चराच्या कडेला उभं राहून थर कोण बघत होतं? बघायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, तर दोष कुणाला द्यायचा? आज माझ्यासमोर बसून मोबाइल चाळणारा मुलगा पाच वर्षांनी अशाच एखाद्या चराच्या कडेला ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणून उभा असणार आहे. एम.ए. झालेला विद्यार्थी त्या वेळी बहुधा पुण्यात असेल.

मुलांना काही माहीत नसतं असंही नाही. त्यांना माहीत असलेल्या गोष्टीला या विषयात काय म्हणतात, तेवढं त्यांना ठाऊक नसतं. याचा धडा मला तिसऱ्या आठवड्यात मिळाला. पुस्तकातून ‘वसाहतीचे टेकाड’ असं काहीतरी वाचून दाखवत होतो. माढा तालुक्यातला एक मुलगा म्हणाला, “म्हंजे पांढर की, सर.” मी थबकलो. गावगाड्यात काळी आणि पांढरी हे शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेत. काळीत पिकतं, पांढरीत माणूस राहतो. शेकडो वर्षं एका जागी मातीची घरं उठली, पडली, परत उठली. चुलीची राख, शेण, हाडं, चुना त्यात मिसळत गेला, म्हणून ती माती पांढुरकी झाली. महाराष्ट्रात जुनी वसाहत शोधायला निघालेला संशोधक गावात शिरल्यावर आधी पांढर कुठं आहे तेच विचारतो. आणि आम्ही वर्गात ‘वसाहतीचे टेकाड’ म्हणत बसलो होतो.

तोच मुलगा पुढं म्हणाला, “आमच्या आज्यानं पांढरीच्या वीस गाड्या माती रानात टाकली. असला मका आला होता! खापरं मात्र अजून निघतेत पायात.” वर्ग हसला. मग हळूहळू त्याच्याच ध्यानात आलं की ती वीस गाड्या माती म्हणजे काय होतं. त्याच्या आजोबांना नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. राखेची, हाडाची माती खत म्हणून उत्तम, हे त्यांचं ज्ञान खरंच होतं. दुसरं अर्धं ज्ञान त्यांना कुणी दिलं नाही, एवढंच.

ते मी माझ्या पद्धतीनं सांगितलं. जमिनीतला थर म्हणजे रोजकीर्द. पानं ओळीनं आहेत तोवर हिशेब लागतो. कुणी वहीची पानं फाडून पोत्यात भरली तर आकडे सगळे हाताशी असतात, पण आधी काय आणि नंतर काय हे कुणाला सांगता येत नाही. पांढर गाडीत भरून रानात पसरली की खापरं राहतात, कीर्द जाते. बी.कॉम.च्या मुलांना हे एका झटक्यात समजलं. पुरातत्त्वज्ञ स्वतः खणतो तेव्हाही पान फाटतंच, कारण एकदा खणलेला थर परत खणता येत नाही. म्हणून तो आधी मोजतो, काढतो, लिहितो. खणण्याला परवाना लागतो तो त्यामुळेच.

भीमेच्या खोऱ्यातलंच उदाहरण हवं होतं म्हणून इनामगाव घेतलं. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी, आणि घोड शेवटी भीमेलाच मिळते. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसाहत, शंभराहून जास्त घरं, दोनशेहून जास्त दफनं. तान्ही मुलं गेली की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायची आणि घरातल्याच जमिनीत पुरायची. हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा मोबाइल पहिल्यांदा खाली गेला. घरातच का पुरलं असेल, असं विचारलं तर एक मुलगी हळूच म्हणाली, “आईपासून लांब जाऊ नये म्हणून.” मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडलेले असत, हे सांगितल्यावर दोघं-तिघं एकदम ओरडले, “भूत होऊन परत येऊ नये म्हणून!”

खरं शिकवणं मला वाटतं इथून सुरू झालं. दोन्ही उत्तरं सुंदर होती, कदाचित बरोबरही असतील. पण रांजण सापडला हे एक, आईला काय वाटलं हे दुसरं. पहिलं मातीत आहे, दुसरं आपण जोडतो. कुठपर्यंत सापडलंय आणि कुठून पुढं आपण जोडतोय, तिथं एक रेघ मारायची. त्या दिवशी आम्ही फळ्यावर खरंच रेघ मारली, डावीकडे ‘सापडलं’, उजवीकडे ‘वाटतं’. पुढं वर्षभर मुलं आपसात भांडताना म्हणायची, “हे उजवीकडचं आहे बे.” व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूरही त्यांनी त्या रेघेवर घासून बघायला सुरुवात केली. माझ्या वाणिज्याच्या तासांना व्हाउचर दाखवा, व्हाउचर दाखवा म्हणून मी घसा कोरडा केला, तरी हा परिणाम कधी झाला नव्हता.

म्हणूनच या विषयाला ‘गौरवशाली वारसा’ करून टाकण्याला माझा विरोध आहे. अभिमान वाटणं वाईट नाही. पण अभिमानासाठी तीस तास लागत नाहीत, पाच मिनिटांचं भाषण पुरतं. हत्तरसंग कुडलला आम्ही गेलो तेव्हा हा पेच समोरच आला. भीमा आणि सीना तिथं मिळतात. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे आणि त्यात मराठीचे शब्द आहेत: ‘वाचितो विजेयां होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. मुलांनी लगेच मोबाइल काढले, मराठीतला पहिला शिलालेख आमच्या सोलापूरचा! एकीनं आठवण करून दिली की शाळेत श्रवणबेळगोळ पहिला म्हणून शिकवलं होतं. तिसऱ्यानं अलिबागजवळच्या अक्षीचा लेख इंटरनेटवरून काढला, शके ९३४. सहा वर्षांनी हरलो म्हणून काही चेहरे उतरले.

मग आम्ही कुठला लेख पहिला हे सोडून दिलं आणि साल कसं कळतं यावर बोललो. कुडलच्या लेखात शक कोरलेला आहे, हे त्याचं बळ. जिथं साल कोरलेलं नसतं तिथं अक्षरांच्या वळणावरून, लेखातल्या माणसांवरून अंदाज बांधतात आणि विद्वानांत वाद होतात. आमच्यातल्या अक्कलकोटकडच्या एका मुलाच्या घरी कन्नड बोलतात. जिल्ह्यातले त्या काळातले कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, हे कळल्यावर तो जरा ताठ झाला आणि बाकीचे जरा गप्प झाले. सीमाभागातल्या मुलांना हे दगडासमोर उभं राहून कळलेलं बरं, सभेत कळण्यापेक्षा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका रिक्षाच्या फेरीत ऐकू येणाऱ्या शहराला आपलं जुनं रूप तितकंच मिसळलेलं निघालं तर दचकायचं कारण काय?

कुडलच्याच हरिहरेश्वराच्या देवळाबद्दल सांगायला हवं. ते मातीच्या ढिगाऱ्याखाली गेलं होतं आणि मोकळं केल्यावर त्यात बहुमुखी शिवलिंग निघालं, ३५९ मुखं कोरलेलं. मुलं ती मुखं मोजायला बसली. कुणाचीच बेरीज जुळली नाही. वाणिज्य शाखा!

कुडलच्या शिलालेखाशी आनंद कुंभार यांचं नाव जोडलेलं आहे. ते प्राध्यापक नव्हते. जिल्ह्यातले शिलालेख शोधत, वाचत आयुष्यभर फिरले. सोलापूरहून दोनेक तासांवर तेर आहे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात ज्याचं नाव तगर म्हणून येतं, रोमन जगाशी व्यापार करणारं ते गाव. तिथलं संग्रहालय उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमवलेल्या वस्तूंवर. तेही पदवीधारी उत्खनक नव्हते. तेरची हस्तिदंती बाई बघताना आमच्या मुलांना सांगितलं की तशाच घडणीची एक हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली आहे, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या शहरात. मुलं आधी खिडकीबाहेरची धूळ बघत राहिली, मग परत मूर्तीकडे. सांगायचं हे की या मुलखातलं मोठं काम ज्यांच्यामुळे उभं राहिलं त्यांच्यात बिनपगारी, बिनपदवीची माणसं आहेत. तशी माणसं घडतील अशी एकच जागा नव्या रचनेत मला दिसते, ती म्हणजे हा ओपन इलेक्टिव्ह. आणि आपण तो बहुपर्यायी प्रश्नांत उरकतो.

अभ्यासक्रमाचं पहिलं प्रकरण काय असतं, ते मराठीत शिकलेल्या कुणीही डोळे मिटून सांगावं. व्याख्या, स्वरूप आणि व्याप्ती. त्यानंतर इतर शास्त्रांशी संबंध. सहा-सात तास तिथंच जातात. परीक्षेत विचारतात, पुरातत्त्वशास्त्राचे जनक कोण, पर्याय चार. जुन्या कोळशाचं, हाडाचं वय ज्यावरून काढतात त्या कार्बन-१४ चं अर्धआयुष्य ५,७३० वर्षं हे पाठ असलेल्या मुलाला जळका कोळसा हातानं उचलायचा नसतो हे माहीत नसतं.

माझी सूचना अगदी कारकुनी आहे. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३०. दोन्ही क्रेडिट थिअरीची ठेवली तर हातात ३० तास, तेही चार भिंतींत. एक थिअरी आणि एक प्रात्यक्षिक केलं तर क्रेडिट तितकीच आणि तास ४५, त्यातले ३० बाहेर. नवा कायदा नको, निधी नको, अभ्यास मंडळाची एक बैठक पुरे. प्रात्यक्षिक म्हणजे खोदाई नव्हे, ती कुणी करूच नये. आपल्या गावची पांढर कुठं आहे, वेशीजवळच्या दगडावर काय आहे, जुनी बारव कुणी बुजवली, देवळाच्या खांबांना ऑइलपेंट कधी लागला, एवढं प्रत्येकानं आठ पानांत लिहून आणायचं. फोटोत मापासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं आणि वस्तू जागची हलवायची नाही. जिल्ह्यात अकरा तालुके आणि हजाराहून जास्त गावं आहेत. एकट्या आमच्या वर्गात पन्नासेक गावं बसलेली असतात.

शहरातल्या मुलांचं काय, हा प्रश्न मलाही पडला होता. पूर्व भागातल्या एका मुलीनं तो सोडवला. तिच्या आजोबांचा हातमाग कधीच मोडीत गेला. घरात फरशी बसवताना खाली चौकोनी खड्डा निघाला. खड्डामागावर विणकर पाय खाली सोडून बसतो, तो खड्डा. तिनं त्याची मापं घेतली, आजीला विचारून कुठं काय होतं त्याचा नकाशा काढला आणि शेवटी लिहिलं: लाकूड गेलं, सूत गेलं, माणूस गेला, खड्डा राहिला. आमच्या शहराला गिरण्यांचं गाव म्हणतात; गिरण्या बंद पडल्यावर काय काय राहिलं याची अशी नोंद किती जणांनी केली आहे? तो निबंध वाचून मी एकदा खुर्चीतून उठून फेरी मारून आलो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, याचा नोकरीला काय उपयोग. यावर माझ्याकडे चमकदार उत्तर नाही. पण भुईकोट किल्ला शहराच्या मधोमध आहे आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकांत आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीचं बंधन आहे. हे बांधकाम, कर्ज, मालमत्ता यांत काम करणाऱ्या मुलाला माहीत नसेल तर त्याच्या गिऱ्हाइकाचं नुकसान ठरलेलं.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अर्धवट ज्ञानानं पोरं गुप्तधनाच्या मागं लागतील. ही भीती खोटी नाही. पिंडीखाली, वेशीत, गढीत रात्री खड्डे पडतात हे खेड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझ्याच वर्गात दोघांनी मेटल डिटेक्टरची किंमत विचारली. पण गुप्तधनाचं वेड आमच्या वर्गात सुरू होत नाही, ते आधीपासून घरात असतं. त्या दोघांसाठी मी १८७८ चा निखात निधी कायदा वर्गात वाचला. दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. वर्ग कंटाळला. पुढं वाचलं की सरकारनं ती ठेवून घ्यायची ठरवलं तर ती ज्या धातूची वा मालाची बनली आहे त्याच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घ्यायची आहे. सगळे सरळ बसले. चोरीपेक्षा कळवण्यात हिशेब बरा आहे, हे सांगणारा कायदा दीडशे वर्षं होत आली तरी लोकांपर्यंत पोचलेला नाही.

तिसरा आक्षेप माझ्यावरच आहे. हे शिकवायला मी कोण? खरं आहे. पहिल्या वर्षी एका गावात मी छातीठोकपणे सतीशिळा म्हणून सांगितलं ती वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, निघाली. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वर शिवलिंगाची पूजा. खालून वर वाचायची असते. सतीशिळेवर असतो तो बांगड्या भरलेला, कोपरातून वळलेला हात कुठंच नव्हता. एका विद्यार्थ्यानंच दुरुस्त केलं, त्याच्या मामाच्या गावी दोन्ही शेजारी शेजारी आहेत म्हणे. प्रशिक्षित शिक्षक हवेतच, विद्यापीठानं ते द्यायलाच हवेत. पण ते येईपर्यंत वर्ग बंद ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे.

गेल्या पावसाळ्यात जुन्या बॅचमधल्या एका मुलीचा फोटो आला. तिच्या वडिलांचा जेसीबी आहे. बांधबंदिस्तीचं काम चालू असताना खापराचा जाड तुकडा निघाला, त्यावर काही अक्षरं. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलेलं. खाली मेसेज, “हलवलं नाही सर. पप्पांनी काम थांबवलंय, पण ताशी भाडं चालू आहे. लवकर सांगा.” मी फोटो मोठा करून बघितला. मंगलोरी कौल होतं, कारखान्याचा शिक्का मारलेलं. सांगितलं तर ती हसली, वडील मात्र बहुधा हसले नसावेत.

पण ते कौल नसतं तर? तासाला भाडं मोजणारा माणूस यंत्र थांबवून उभा आहे आणि त्यानं फोन कुणाला करायचा? कायद्यात कलेक्टर लिहिलंय. प्रत्यक्षात तलाठ्याकडं गेलं तर काम बंद पडेल या भीतीनं कुणी जात नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीच्या पहिल्या पानावर छापता येईल असा एक फोन नंबर, जो जिल्ह्यातला कुणीतरी जाणकार माणूस त्याच दिवशी उचलेल, हा मी दोन सत्रं शोधतोय. तोवर मुलं मलाच फोटो पाठवतात, आणि मी घसारा शिकवतो.